दोन पिवळ्या गोळ्या

परळला आचार्य दोंदे मार्गाने चालत गेलं की हाफकिन, केईएम, वाडिया अशा संस्था एकापाठोपाठ लागतात आणि जरा वळलं की टाटाचं कॅन्सर हॉस्पिटल. या टापूत माझी सगळी नोकरी झाली. पॅथॉलॉजी शिकवली, म्हणजे मुख्यतः रक्ताच्या स्लाइड दाखवल्या. व्हायवाला ‘मेथोट्रेक्सेट हे कॅन्सरचं औषध काय करतं?’ असं विचारलं की पोरं एका सुरात सांगायची: फोलेट अँटॅगोनिस्ट आहे, डायहायड्रोफोलेट रिडक्टेज बंद पाडतं. उत्तर बरोबर, मार्क द्यावेच लागायचे. पण या उत्तराचा एक मोठा तुकडा आपण रोज ज्या फाटकावरून जातो तिथे घडलाय, हे त्यांच्या गावीही नसायचं. मुलांच्या तीव्र ल्युकेमियाला माघार घ्यायला लावणारं पहिलं औषध बॉस्टनमध्ये वापरलं गेलं, हे खरंच. त्याचं मूळ मात्र मुंबईच्या गरोदर बायांच्या रक्तात आहे, आणि पाठ्यपुस्तकं ते एका ओळीत उरकतात याचा मला राग आहे.

तर आधी हाफकिन. ती इमारत आधी पोर्तुगीज पाद्र्यांचा मठ होती, मग गव्हर्नरचा बंगला झाली. १८९९ साली तिथे प्लेगची प्रयोगशाळा आली आणि १९२५ मध्ये संस्थेला हाफकिनचं नाव मिळालं. प्लेगमुळे लोक तिला ओळखतात. १९२८ साली तिथे लूसी विल्स नावाची चाळिशीची इंग्रज डॉक्टर आली, तिला मात्र कोणी ओळखत नाही. केंब्रिजला वनस्पतिशास्त्र आणि भूगर्भशास्त्र शिकून मग डॉक्टरकीकडे वळलेली बाई. तिला बोलावलं होतं डॉ. मार्गारेट बाल्फोर यांनी. बाळंतपणात बाया का मरतात याची चौकशी चालू होती, आणि त्यात एक कारण पुन्हापुन्हा पुढे येत होतं: गरोदरपणातला भयंकर पंडुरोग. गरीब घरांत जास्त, आणि कापड गिरण्यांत राबणाऱ्या बायांत विशेष.

मी लालबागच्या चाळीतली. माझी आजी अशा बाईबद्दल ‘तिचं रक्तच आटलं’ एवढंच म्हणायची. शेवटच्या महिन्यांत चेहरा मेणासारखा, पायांवर सूज, जीभ लाल आणि गुळगुळीत, जिना चढताना धाप. बाळंतपणात थोडा रक्तस्राव झाला तरी खेळ खलास. आजीला कारण ठाऊक नव्हतं, पण १९२८ साली लंडनलाही ते ठाऊक नव्हतं.

विल्सबाईंनी काय पाहिलं ते आजही जसंच्या तसं दिसतं, म्हणून जरा थांबून सांगते. बोटाच्या टोकाचा एक थेंब काचेवर ओढायचा, लिशमन स्टेन टाकायचा, धुऊन वाळवायचा आणि तेलाच्या लेन्सखाली धरायचा. लोह कमी असेल तर तांबड्या पेशी लहान आणि फिक्या, मधे मोठा पांढरा डाग. इथे उलटं. पेशी कमी, पण ज्या आहेत त्या मोठ्या, लांबट अंडाकृती आणि गच्च भरलेल्या. मग शेजारचा न्यूट्रोफिल शोधायचा. त्याच्या केंद्रकाचे एरवी तीन-चार खंड असतात, इथे सहा. एकच सहाखंडी न्यूट्रोफिल सापडला तरी मी पोरांना म्हणायचे, रिपोर्ट लिहायला घ्या. बोन मॅरो काढला तर तिथे मेगालोब्लास्ट: पेशीद्रव गुलाबी होत आलेलं, म्हणजे हिमोग्लोबिनचं काम वेळेवर चाललेलं, पण केंद्रक अजून जाळीदार आणि कच्चं. डीएनए तयार होत नाही, म्हणून पेशी वाढते पण दुभंगत नाही. अशा पेशी मॅरोमध्येच मरून जातात. मॅरो खच्चून भरलेला आणि रक्तात दुष्काळ.

ही स्लाइड त्या काळच्या डॉक्टरांना अनोळखी नव्हती. पाश्चात्त्य देशांतल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या ‘पर्निशस ॲनिमिया’ची स्लाइड अशीच दिसते. मिनो आणि मर्फी यांनी १९२६ मध्ये दाखवलं होतं की रोज पाव किलोच्या आसपास कलेजी खायला घातली तर तो रोग हटतो. त्यांना आणि व्हिपलना त्यासाठी १९३४ चं नोबेल मिळालं. मग मुंबईच्या बायांना हाच रोग झाला होता का? विल्सना शंका होती. यांची वयं कोवळी, मज्जातंतूंचा त्रास नाही, आणि बाळंतपण सुखरूप पार पडलं तर पुष्कळजणी आपोआप सुधारत.

आधी जंतूंचा संशय घेऊन झाला, हाती काही लागलं नाही. मग त्यांनी ताटात डोकावून पाहिलं. कामा हॉस्पिटलच्या डॉ. माणेक मेहता आणि तळपदे हे इथले सहकारी बरोबर होते. तळपद्यांबरोबर केलेली मुंबईच्या बायांच्या आहाराची आणि राहणीची पाहणी १९३० साली छापून आली. जिच्या जेवणात पालेभाजी, फळं आणि दूध कमीत कमी, तिला हा रोग होण्याची शक्यता जास्तीत जास्त. सर्वांत वाईट अवस्था गरीब मुसलमान बायांची होती. आज आपण सांगू शकतो की या बायांना कमी पडणारं जीवनसत्त्व, फोलेट, पाल्यात असतं, भाजी रटरटा शिजवून पाणी ओतून दिलं की त्याचा बराच भाग वाया जातो, आणि शरीरातला साठा जेमतेम तीन-चार महिने पुरतो. पर्निशस ॲनिमियात कमी पडणाऱ्या बी-१२ चा साठा काही वर्षं टिकतो. पोटात दुसरा जीव वाढत असताना फोलेटची गरज वाढते, म्हणून आधी तेच संपतं. एवढं पोरांनी लक्षात ठेवलं तरी अर्धा पेपर सुटतो.

प्रयोग उंदरांवर सुरू झाले आणि उवांनी घोटाळा केला. उवांमुळे पसरणाऱ्या बार्टोनेला जंतूनेही उंदरांचं रक्त कमी होत होतं. मग माकडांवर काम झालं, आणि त्यांना मार्माइट देऊन पाहिलं. मार्माइट म्हणजे बिअर गाळून उरलेल्या यीस्टचा काळपट खारट अर्क, इंग्रज पावाला लावून खातात तो. माकड सुधारलं. तोच अर्क पुढे बायांना दिला आणि त्या काही दिवसांत जेवण मागू लागल्या. कोवळ्या तांबड्या पेशी, म्हणजे रेटिक्युलोसाइट, रक्तात उसळून आल्या. कलेजीचा खर्च न झेपणाऱ्या आणि मांसाहार न करणाऱ्या घरांत हे औषध चालणारं होतं, याचं मोल आपल्याला सांगायला नको. हा निबंध ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये जून १९३१ मध्ये आला. पुढे विल्स यांनी हेही दाखवलं की कलेजीचा शुद्ध केलेला अर्क, जो पर्निशस ॲनिमियाला लागू पडतो, तो या बायांना लागू पडत नाही, कच्चा अर्क मात्र पडतो. म्हणजे कलेजीत दोन वेगळी द्रव्यं होती. एकाचं नाव पुढे बी-१२ पडलं. दुसऱ्याला बरीच वर्षं ‘विल्स फॅक्टर’ म्हणत.

त्याच जून १९३१ मध्ये लेडी मेहेरबाई टाटा वेल्समध्ये ल्युकेमियाने वारल्या. पैशाला तोटा नव्हता, युरोपातले डॉक्टर हाताशी होते, आणि औषध म्हणावं असं काही नव्हतं. सर दोराबजींनी पुढच्या वर्षी त्यांच्या नावाने ल्युकेमियाच्या संशोधनासाठी ट्रस्ट काढला आणि काही आठवड्यांतच तेही गेले. दोराबजी टाटा ट्रस्टने उभारलेलं टाटा मेमोरियल २८ फेब्रुवारी १९४१ रोजी उघडलं. प्रयोगशाळांची सूत्रं डॉ. वसंत रामजी खानोलकरांकडे होती. तंबाखूचा, चुट्ट्याचा, इतकंच काय कमरेला घट्ट कसलेल्या धोतराचा कॅन्सरशी संबंध शोधणारा हा माणूस. आमच्या विषयात त्यांचं नाव काढलं की अजून पाठ ताठ होते. पण त्या काळच्या टाटाकडेही हत्यारं दोनच होती, शस्त्रक्रिया आणि रेडिएशन. रक्ताच्या कॅन्सरला कापणार कुठून?

योगायोग बघा. त्याच १९४१ साली अमेरिकेत टेक्सासला मिचेल, स्नेल आणि विल्यम्स यांनी सुमारे चार टन पालक उकळून आणि गाळून विल्स फॅक्टरची चिमूट वेगळी केली. पानातून निघालं म्हणून फोलिक ॲसिड. ते कारखान्यात बनवण्याचं काम मात्र एका आंध्रच्या माणसाच्या हाताखाली झालं.

येल्लाप्रगडा सुब्बाराव. भीमावरमचा जन्म, १८९५ सालचा, म्हणजे खानोलकरांच्याच वर्षीचा. मद्रास मेडिकल कॉलेजात असताना गांधीजींच्या हाकेला ओ देऊन खादी घातली, सर्जरीच्या प्रोफेसरांची मर्जी गेली आणि पूर्ण पदवीऐवजी एलएमएसवर समाधान मानावं लागलं. दोन भाऊ स्प्रूने गेले. आपल्याकडे त्याला संग्रहणी म्हणत. त्यात आतडं अन्नातलं फोलेट शोषूनच घेत नाही. १९२३ मध्ये ते हार्वर्डला पोचले. बायोकेमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलला फॉस्फरस मोजायची फिस्क-सुब्बाराव पद्धत केलेली आठवते ना? तेच हे. तरी हार्वर्डने त्यांना कायम केलं नाही आणि १९४० मध्ये ते लेडर्ली कंपनीत गेले. तिथे १९४५ पर्यंत त्यांच्या चमूने फोलिक ॲसिड प्रयोगशाळेत घडवलं. भावांना जे मिळालं नाही ते आता बाटलीत होतं.

एवढ्यावर थांबलं असतं तरी गोष्ट पुरी झाली असती. पण आता बॉस्टनच्या मुलांच्या हॉस्पिटलात सिडनी फार्बर येतो. तोही पॅथॉलॉजिस्ट, आमच्याच धंद्यातला, पोस्टमॉर्टेम करून करून ल्युकेमियाला कंटाळलेला. मुलं आठवड्या-महिन्यांत जात होती. उंदरांच्या गाठी फोलेटच्या भाऊबंदांनी लहान होतात, असे काही रिपोर्ट आले होते. ल्युकेमियातला मॅरोही कच्च्या पेशींनी भरलेला असतो. विल्सच्या बायांच्या मॅरोतल्या कच्च्या पेशी हे जीवनसत्त्व दिल्यावर पिकल्या होत्या, मग इथेही पिकतील असं कोणालाही वाटलं असतं. फार्बरने लेडर्लीकडून फोलेटची संयुगं आणवून कॅन्सरच्या रुग्णांना दिली. ल्युकेमियाच्या मुलांत रोग भडकला. मॅरोत ब्लास्ट, म्हणजे कच्च्या, पेशी आणखी दाटल्या.

इथे एखाद्याने वही मिटली असती. फार्बरने उलट बाजूने विचार केला: याने आग वाढते, तर हे तोडणारं काही द्या. सुब्बारावांच्या चमूकडे ते तयार होतं. फोलिक ॲसिडच्या रेणूत एका जागी हायड्रॉक्सिल असतो. तो काढून तिथे अमिनो बसवला की ॲमिनोप्टेरिन. बदल एवढाच. एन्झाइम त्याला फोलेट समजून मिठी मारतं आणि मग सोडत नाही. १९४७ च्या अखेरीस मुलांना इंजेक्शनं सुरू झाली. ३ जून १९४८ च्या न्यू इंग्लंड जर्नलमध्ये फार्बरने सांगितलं: १६ मुलांवर उपचार, १० जणांत सुधारणा. ती सुधारणा तात्पुरती आहे हे त्याने निबंधाच्या शीर्षकातच घालून ठेवलं. ही सभ्यता मला त्याच्या शोधाइतकीच आवडते. सुब्बाराव त्याच ऑगस्टमध्ये झोपेत वारले, वय ५३.

ॲमिनोप्टेरिनला एक मिथिल गट जोडला की मेथोट्रेक्सेट, आणि आज आपण वापरतो ते हेच. १९५६ मध्ये ली आणि हर्ट्झ यांनी त्याने वारेचा कॅन्सर, कोरिओकार्सिनोमा, बरा करून दाखवला. औषधाने पुरता बरा झालेला तो पहिला गाठीचा कॅन्सर. गरोदर बाईच्या रक्तापासून निघालेला हा धागा पुन्हा गर्भाशयातच पोचला.

आता ती गंमत, जी मी दरवर्षी दोन सूक्ष्मदर्शकं शेजारीशेजारी ठेवून दाखवायचे. एकावर फोलेट कमी असलेल्या गरोदर बाईची स्लाइड. दुसऱ्यावर ल्युकेमिया आटोक्यात असलेल्या, मेथोट्रेक्सेट आणि सिक्स-एमपी (मर्कॅप्टोप्युरिन) या औषधांच्या मेंटेनन्सवर असलेल्या मुलाची. नावं झाकलेली. ‘कोणती कोणाची?’ हात वर व्हायचे नाहीत. मोठ्या लांबट पेशी दोन्हीकडे, जादा खंडांचे न्यूट्रोफिलही दोन्हीकडे. एकीकडे गरिबीने जे केलं, तेच दुसरीकडे आम्ही ठरवून, मोजून, आठवड्याच्या आठवड्याला करत असतो. आणि ज्या पेशी भराभर दुभंगतात त्या सगळ्यांना हा मार बसतो, म्हणून तोंड येतं, जुलाब होतात. ‘साइड इफेक्ट’ वेगळे पाठ करायची गरजच नाही, यंत्रणा कळली की ते ओघाने येतात.

फार्बरच्या मुलांत रोग काही महिन्यांत परतला, कारण एका औषधाला पेशी सरावतात. मग औषधांची फौज जमली. हिचिंग्ज आणि एलियन यांचं सिक्स-एमपी, स्टेरॉइड, आणि आपल्या गॅलरीतल्या सदाफुलीतून व्हिनक्रिस्टीन. सदाफुलीची कथा तर भारीच. मधुमेहावरचा झाडपाला म्हणून कॅनडात नोबल आणि बीअर यांनी तो उंदरांना दिला. साखर काही उतरली नाही, पांढऱ्या पेशी मात्र कोसळल्या. आपल्याकडे अजून सकाळी सदाफुलीची पानं चावणारे काका आहेत. त्यांना हे जरूर सांगावं.

परळमध्ये या सगळ्याचा फायदा पोचायला वेळ लागला. (मधल्या काळात परळ गप्प नव्हतं. १९५२ मध्ये केईएममधल्या भेंडे, देशपांडे आणि भाटिया यांनी लॅन्सेटमध्ये बॉम्बे रक्तगट जगापुढे मांडला. या लोकांच्या पेशींवर एच अँटिजेनच नसतं, म्हणून नेहमीच्या तपासणीत ते ‘ओ’ दिसतात आणि त्यांना ओ रक्त दिलं तरी प्रतिक्रिया येते. रक्ताच्या रोग्याला पिशवी लावण्याआधी क्रॉसमॅच का टाळायचा नाही, त्याचं हे उत्तर.) १९८३ मध्ये टाटामध्ये डॉ. सुरेश अडवाणींनी देशातलं पहिलं बोन मॅरो प्रत्यारोपण केलं. पण माझ्या मते त्याहून मोठं काम पुढच्या वर्षीचं, आणि त्याला वर्तमानपत्रात जागा मिळाली नाही. मुलांच्या ल्युकेमियासाठी एकच ठरलेला आराखडा, एमसीपी-८४१, टाटा, चेन्नईचं अड्यार कॅन्सर इन्स्टिट्यूट आणि दिल्लीचं एम्स इथे लागू होत गेला. नवं औषध एकही नव्हतं. होती ती शिस्त: ठरलेल्या दिवशी ठरलेला डोस, मेंदूपर्यंत औषध पोचावं म्हणून पाठीच्या कण्यातून मेथोट्रेक्सेट, जंतुसंसर्गावर लगेच उपचार. चार वर्षं रोग न उलटता जगणाऱ्यांचं प्रमाण २० टक्क्यांच्याही खाली होतं, ते ४५ ते ६० टक्क्यांवर गेलं.

बाकीची मुलं का वाचली नाहीत, याचं उत्तर फक्त औषधात नाही. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जाऊन बघा. बिहार-बंगालहून आलेली कुटुंबं एका खोलीत, एका स्टोव्हवर महिनोन्‌महिने काढतात, कारण उपचार अडीच-तीन वर्षांचे. पोर जरा हसायला-खेळायला लागलं की बाप गावी परत जायचं म्हणतो, शेत पडलंय. मधेच सुटलेला कोर्स हा ल्युकेमियाचा सगळ्यात स्वस्त मित्र. आणि उपाशी पोरावर औषधाचा मार जास्त बसतो, म्हणजे विल्सबाईंचं ताट इथेही आडवं येतंच.

आणखी एक गोष्ट ओपीडीत हमखास घडते. पोराबरोबर आलेली आजी पिशवीतून टॉनिकची बाटली काढते. ‘मॅडम, रक्त वाढायला देतेय हं.’ आजीवर ओरडायचं नाही, लेबल वाचायचं. लोह, बी-१२ आणि फोलिक ॲसिड. मेथोट्रेक्सेट चालू असलेल्या ल्युकेमियाच्या मुलाला ते उगाच चालू ठेवत नाहीत. दुसरीकडे, नुसत्या पंडुरोगाला बी-१२ न तपासता फोलिक ॲसिड देत राहिलं तर रक्त सुधारतं आणि मज्जातंतू मात्र आतून झिजत राहतात. शाकाहारी घरांत हे विशेष जपावं.

संधिवाताच्या ओपीडीत मात्र उलट रीत आहे. तिथे मेथोट्रेक्सेट थोडं, आठवड्यातून एकदाच, आणि फोलिक ॲसिड दुसऱ्या दिवशी मुद्दाम. दोन्ही गोळ्या पिवळ्या. आजोबांनी अदलाबदल केली आणि आठवड्याची गोळी रोज घेतली, तर दहा दिवसांत तोंड सोलवटून, प्लेटलेट घसरून ते वॉर्डात दाखल होतात. तेव्हा इंटर्न धावत जाऊन फोलिक ॲसिडच आणतो. त्याचा उपयोग नाही. फोलिक ॲसिडला कामाला लागण्यासाठी जे एन्झाइम लागतं, तेच तर बंद पडलेलं असतं. तिथे फोलिनिक ॲसिड लागतं, ल्युकोव्होरिन, जे त्या बंद दाराला वळसा घालून जातं, आणि तेही जितकं लवकर द्याल तितकं बरं.